धोंड्याच्या महिन्यात दिलेली गाडी

"मामाजी, तुमची गाडी आता म्हातारी झाली," असं म्हणत जावयाने किल्ली माझ्या हातावर ठेवली, आणि मी हसलो. पन्नाशी ओलांडलेला, घरच्या घरी इंजिन उतरवून परत बसवणारा माणूस मी, त्या वाक्यावर हसलो. जावयाच्या बोलण्याचा राग येतोच, पण माझ्या त्या हसण्याचा जास्त येतो.

जीप अंगणात उभी होती आणि तिच्या पोटाखालून तेल ठिबकत होतं. मी आत डोकावलो. या जीपला दोन दांडे आहेत. एक नेहमीच्या गिअरचा, आणि त्याच्या बाजूला एक आखूड. आखूड दांडा लावला की मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. चिखलात, रेतीत, नाल्यात तो लावायचा आणि डांबरी रस्ता लागला की काढायचा. दांडा लावलेलाच होता. मी ओढून पाहिला. हलला नाही.

"जवाईबापू, हा दांडा कुठपासून लावला व्हता?"

"इथूनच तं लावला. फोर बाय फोर हाय म्हटल्यावर चारी चाकं कामाले लावा लागतेत ना? कळंबपर्यंत लावूनच नेली. येतानीही लावूनच आनली. थोडी जड चालत व्हती, वळणावर कडकड करे. म्हटलं, म्हातारीचे गुडघे असतीन."

त्याच्यासोबत आलेले दोघं मित्र हसले. मीही पुन्हा हसलो.

बैलजोडी वळवताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला शाळा लागत नाही. वळणावर बाहेरचा बैल लांब पावलं टाकतो, आतला आखूड. त्यांचे पाय एकमेकांना बांधून वळायला लावलं तर एकाचा तरी पाय मोडेल. गाडीचंही तेच. वळताना पुढची चाकं वेगळं अंतर कापतात, मागची वेगळं. आखूड दांडा लावला की दोन्हींचे पाय बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब भागतो. कोरड्या डांबरीवर चाक घसरत नाही, म्हणून तो सगळा पीळ आतल्या दात्यांवर येतो. त्या दिवसांत उघाड पडली होती. रस्ता तव्यासारखा कोरडा होता. झरीच्या जंगलापासून कळंबच्या चिंतामणीपर्यंत आणि परत, माझ्या गाडीचे पाय बांधून त्याने तिला पळवलं. हा माणूस लोहाऱ्याच्या एमआयडीसीत दिवसभर यंत्रांमध्ये असतो. त्याला कारखान्यातल्या यंत्राचं एक बटणही विचारल्याशिवाय दाबता येत नाही. सासऱ्याच्या यंत्राचं मात्र काही विचारावंसं वाटलं नाही.

पण मागितली तेव्हा दिली कोणी? मीच. यंदा अधिक श्रावण आला होता आणि मुलीच्या लग्नानंतरचा तो पहिला धोंड्याचा महिना. आमच्याकडे या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे आणि ताटभर अनारसे वाढायचे. हे सगळं मी मनापासून केलं, त्याबद्दल तक्रार नाही. जेवता जेवता तो पाटावरूनच म्हणाला, "मामाजी, मित्रांना कळंबला नेतो म्हणलं होतं. उघड्या गाडीत मजा येईल. चार दिवस जीप नेऊ का?" आणि मी लगेच म्हणालो, "न्या ना, तुमचीच हाय."

माझी बायको तेव्हा वाटीत तूप वाढत होती. तिचा हात थांबला. नंतर स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "पुढच्या मंगळवारी पोडावर जाचं हाय मले."

"तवरीक येते ना गाडी."

ती तुपाची वाटी घेऊन बाहेर गेली. मी हो म्हणून बसलो होतो. तिला मी विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं.

माझी बायको आरोग्य सेविका आहे. लोक तिला नर्सबाई म्हणतात. तिच्या वाट्याला जी गावं आहेत त्यातलं एक नाल्यापलीकडचं कोलामांचं पोड आहे, म्हणजे जंगलातली लहानशी वस्ती. उन्हाळ्यात तिथं सायकलही जाते. पावसाळ्यात नाला आडवा येतो. नाल्यावर एक रपटा, म्हणजे फरशीचा बुटका पूल होता, तो वाहून गेला त्याला किती पावसाळे झाले ते आता कोणी मोजतही नाही. दवाखान्याची गाडी बुटकी, ती काठावरूनच परत फिरते. तिचा ड्रायव्हर म्हणतो, "नर्सबाई, तुमच्या घरी जीप हाय ना, मंग कायले टेंशन घेता?" सरपंच हेच म्हणतो. रपट्याचं मोजमाप घ्यायला आलेला साहेबही हेच म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कधीकधी मला वाटतं, मी ही गाडी चालती ठेवली म्हणूनच तो रपटा पुन्हा झाला नाही. एका सरकारी खात्याच्या लिलावातली ही गाडी. तिचे स्प्रिंगचे पाटे मी बदलले, ब्रेक मी बांधले, पत्रा कुजला तिथं तुकडे जोडले. आणि माझ्या पान्याच्या जोरावर सगळे हात झटकून मोकळे झाले.

पोडावर लस देण्याची माझ्या बायकोची एक रीत आहे. पूर्वी कोणीतरी यायचं, न सांगता यायचं, पोरांना टोचायचं आणि निघून जायचं. रात्री पोर तापायचं, आणि आई एकटी घाबरायची. मग पुढच्या वेळी नर्स दिसली की दारं बंद, पोरं रानात. बायकोने हे बदललं. ती आधी दिवस सांगते. त्या दिवशी जाते म्हणजे जातेच. आणि लस देऊन झाली की पळत नाही, संध्याकाळ होईपर्यंत तिथंच बसते, त्यांच्यातच भाकर खाते. ताप आला तर तो तिच्यासमोर येतो. एवढं एकच. पण एवढ्यासाठी तिची उमेदीची वर्षं गेली आहेत. आणि संध्याकाळी उशिरा वाढलेल्या नाल्यातून परत यायला तो आखूड दांडा लागतो.

म्हणून जावई गेल्यावर मी त्याच दिवशी गाडीखाली शिरलो. ओंडक्यांवर गाडी चढवली, खाली पोतं अंथरलं. मोठ्या गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा बॉक्स असतो, तोच इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटतो. तो उतरवला, तेल घमेल्यात काढलं. तेलात लोखंडाचे तुकडे होते. गिअरचे दात. मी ते बोटांनी वेचून काढले. डिझेलने धुऊन बायकोला दाखवले तर ती म्हणाली, "मले कायले दाखवता? ज्यानं तोडले त्याले दाखवा ना."

"त्याले कसं दाखवू? जवाई हाय."

"मंग मंगळवारी पोडावरच्या लोकाईले हेच दाखवतो. म्हनतो, माहा जवाई हाय," ती म्हणाली.

मी यवतमाळला गेलो. एसटीत बसून, मांडीवर पिशवी, पिशवीत तुटलेला गिअर. दुकानदाराने तो हातात घेतला आणि न पाहता म्हणाला, "भेटते ना काका. ओरिजनल."

"नक्की ओरिजनल? मागच्या वेळी ऑइल सील घेतलं तं महिन्यात फाटलं."

"डोळे मिटून बसवा काका. नाई बसला तं माह्या गळ्यात बांधा."

मी डोळे उघडे ठेवूनच बसवला. बसला नाही. दात इतके बारीक फरकाने चुकत होते की फिरवताना दळण दळल्यासारखा आवाज येई. डब्यावर चकचकीत छाप, आत कचरा. संतापाने मी तो गिअर फेकणार होतो, मग ठेवला. रागात फेकलेली वस्तू नंतर शोधावी लागते हा माझा अनुभव आहे. बाजूचा शेतकरी बांधावरून ओरडला, "काय गा, पुन्हा पोट फाडलं काय गाडीचं? इतकी सेवा बैलाची केली असती तं त्यानं आशीर्वाद देला असता!" पाना घसरून बोटाची सालटं निघाली होती.

मंगळवार आला तेव्हा छोटा बॉक्स अंगणात पोत्यावर उघडा पडला होता. रात्रभर पाऊस झाला होता. बायकोने लशीचा निळा डबा आणला, झाकण तपासलं, रबरी बूट घातले.

"पुढच्या मंगळवारी जा ना. मी तवरीक करतो," मी म्हणालो.

"दिवस सांगतला हाय."

"नाल्यातून कशी जाशीन?"

"डोंगराच्या वाटेनं जाईन."

ती वाट मला ठाऊक होती. नाला टाळून टेकडीवरून, सागाच्या जंगलातून जाते. गाडीने जिथं चहा थंड होईपर्यंत पोचतो, तिथं त्या वाटेने अर्धा दिवस जातो. मी डबा उचलला आणि तिच्यामागे निघालो. तो डबा इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो मागच्या सीटवर असायचा. वाटेत एका ठिकाणी ती घसरली, उठली, साडीला हात पुसले आणि चालू लागली. मी "लागलं का?" म्हणालो. "लागलं," ती म्हणाली, "चाला."

चालताना मी मनातल्या मनात जावयाशी भांडत होतो. त्या सपाट रस्त्यावर त्याने दांडा लावला म्हणून माझी बायको इथं पडते, हे त्याला ओरडून सांगावं असं वाटत होतं. दुकानदाराशी भांडत होतो, ड्रायव्हरशी, त्या साहेबाशी. सगळ्यांशी भांडून झालं तरी टेकडी संपत नव्हती.

पोडाच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती. आम्हाला पायी येताना पाहून तिने मागे गाडी दिसते का ते पाहिलं आणि विचारलं, "गाडी मेली का तुमची?"

"आजारी हाय, आजी," बायको म्हणाली.

"मंग तिले टोच!" म्हातारी म्हणाली, आणि बाया फिदीफिदी हसल्या. पोरं रानात गेली नव्हती. वाट पाहत होती.

लसी देऊन झाल्या तेव्हा दुपार कलली होती. अंधाराच्या आत डोंगराच्या वाटेने परत जायचं तर तेव्हाच निघावं लागलं असतं. म्हणजे टोचायचं आणि पळायचं. बायकोने डबा माझ्याकडे दिला. "तुम्ही जा. ढोरं बांधून हायेत घरी, धारा काढाच्या हायेत. मी राह्यतो इथंच."

"रातभर?"

"ताप काही पाच वाजता येऊन साडेपाचले जात नाई."

ती एका घराच्या ओसरीवर बसली, मांडीवर एक लेकरू घेऊन. मी उरलेल्या लशींचा डबा घेऊन एकटा परतलो. माझ्या बायकोला जंगलातल्या परक्या ओसरीवर ठेवून मी म्हशीच्या धारा काढायला चाललो आहे, कारण मला एका माणसाला नाही म्हणता आलं नाही. हे वाक्य मी त्या वाटेवर किती वेळा म्हटलं असेल.

घरी येऊन हातपाय धुतले आणि फोन वाजला. जावई.

"मामाजी, गाडी झाली का नीट?"

त्याला काळजी वाटली, असं क्षणभर वाटलं.

"कायले?"

"रविवारी सहस्रकुंड पाहायला जायचं म्हणतात मित्र. धबधबा जोरात असेल आता. मागच्या वेळी गाडीनं जरा इज्जत घालवली माझी, तेव्हा या वेळी नीट करून ठेवा, काय?"

इज्जत. माझ्या तोंडून जे निघालं ते इतक्या मोठ्याने निघालं की गोठ्यातली म्हैस बिचकून उठली. "गाडी भेटत नाही, जवाईबापू. या रविवारीही नाही आन् पुढच्या रविवारीही नाही. गाडीचे दात तुम्ही तोडले. कोरड्या रस्त्यावर तोडले. तुमची इज्जत गेली म्हनता, अन् माही बायको आज डोंगरावरून पाय घसरत पोडावर गेली. गाडी चालवता येत नसन तं इचारा लागते. इचारल्यानं माणूस लहान होत नाही."

मग तो म्हणाला, "धोंड्याच्या महिन्यात जावयाला असं बोलता?" आणि मागून मुलीचा आवाज, तिने फोन घेतला असावा. "बाबा, असं कोनी बोलते का? काय झालं काय तुमाले?"

"तुह्या आईले इचार काय झालं ते."

"दे ना मंग आईले फोन."

"ती घरी नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मला बरं वाटलं, हे खरं सांगतो. छाती मोकळी झाली. रात्रभर मी बायकोला हे कसं सांगायचं याचाच विचार करत होतो, तिला किती समाधान वाटेल याचाही.

सकाळी तिला घ्यायला गेलो. एका पोराला रात्री ताप भरला होता. आईने तिला हाक मारली, तिने ओल्या फडक्याने अंग पुसलं, औषध दिलं, पोर झोपलं. सकाळी शेजारच्या घरची बाई आपलं लपवून ठेवलेलं लेकरू स्वतःहून घेऊन आली होती, पण डबा तर मी घेऊन गेलो होतो. "तिले पुढचा दिवस सांगतला," बायको म्हणाली. डोळे लाल, पण चेहरा हलका होता.

उतारावर मी तिला फोनचं सांगितलं. वाक्य न् वाक्य सांगितलं. ती थांबली.

"गाडी देली तवा मले इचारलं व्हतं?"

"नाही."

"आता नाही म्हनलं तवा इचारलं?"

"अगं, तुह्यासाठीच तं बोललो."

"माह्यासाठी कोनी बोला म्हनलं? पोरीले त्याच घरात राहाचं हाय. तुमी एकडाव ओरडले अन् मोकळे झाले. ते तिले दोन वक्त भाकरीसंग खा लागन." ती चालू लागली, मग वळून म्हणाली, "देनंही तुमच्याच मनानं, भांडनंही तुमच्याच मनानं. मले तं फक्त नाला पार करा लागते, बापा."

आजही जावयाला बोललो ते चुकलं असं मला वाटत नाही. ते बोलायलाच हवं होतं, धोंडा असो की पोळा. पण तिचं म्हणणं मला कुठूनच खोडता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

गिअर शेवटी पांढरकवड्याला एका मोडीत काढलेल्या जीपमध्ये मिळाला, जुना, पण दात शाबूत. बसवला, सगळं तेल बदललं, आखूड दांडा लावून गायरानाच्या चिखलात गाडी घातली. चारी चाकांनी चिखल उडवला आणि गाडी बाहेर आली. सांगितलेल्या दिवशी आम्ही नाला ओलांडून पोडावर गेलो, संध्याकाळपर्यंत बसलो, वाढल्या पाण्यातून परत आलो. वाटभर ती माझ्या पायांकडे पाहत होती. मला वाटलं, रागात आहे. घरी आल्यावर म्हणाली, "मले शिकवा."

"काय?"

"हेच. तुमी कोनाले द्याल, कोनाले नाई, ते तुमचं पाहा. मंगळवारी मी चालवतो."

महालक्ष्म्यांच्या सणाला मुलगी एकटीच आली, एसटीने. जावयाला ओव्हरटाइम होता म्हणे. ती माझ्या पाया पडली, आईजवळ बसली, माझ्याशी तीन दिवस कामापुरतं बोलली. निघताना म्हणाली, "बाबा, तुमचं चुकलं नव्हतं. पन मले आधी सांगाले पाह्यजे व्हतं." मी मान हलवली. घरातल्या दोन बायांनी मला एकच गोष्ट सांगितली होती.

आता पाऊस ओसरला की आम्ही गायरानावर जातो. ती चालवते, मी बाजूला बसतो. क्लच अर्धाच दाबून ती आखूड दांडा टाकते आणि छोट्या बॉक्समधून असा कर्र आवाज येतो की तो माझ्याच दातांत होतो. कालही आला. मी तोंड उघडलं.

"इचारलं का तुमाले?" ती समोर बघत म्हणाली.

मी तोंड मिटलं. तिने क्लच पुन्हा दाबला, या वेळी पूर्ण, आणि आखूड दांडा हळूच पुढे लोटला.